एकही बाटली फुगली नाही

"घ्या बाबा, सांगा आता काय कमी आहे," असं म्हणत हर्षलनं गॅरेजमध्ये माझ्या हातात ग्लास दिला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

मी पीत नाही. चव बघतो. रत्नागिरीजवळच्या एका कॅनिंगच्या कारखान्यात अडतीस वर्षं मी आंब्याचा रस, जॅम, स्क्वॅश आणि लोणची यांची चव बघितली आहे, त्यामुळे जिभेवर काही ठेवलं की माझा चेहरा आपोआप साहेबाचा होतो. मी घोट घेतला, डोळे मिटले, घोट या गालातून त्या गालात फिरवला आणि थांबायला हवं त्याहून जरा जास्तच थांबलो.

"संत्र्याची साल वाटून तिच्यात कडुनिंब पिळल्यासारखं लागतंय," मी म्हणालो.

हर्षल माझा जावई. वरूडचा, म्हणजे संत्र्यांच्या मुलखातला. संत्र्याला नावं ठेवायची संधी मी सहसा सोडत नसे, आणि तोही हापूसला 'तुमचं ते फोटो काढायचं फळ' म्हणून फिटंफाट करायचा. त्या दिवशी मात्र तो कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या पिंपाकडे बघत राहिला. बिअर तो त्या पिंपात घरीच बनवायचा. ऑस्ट्रेलियात त्याला मुभा आहे आणि निम्म्या गॅरेजांतून हा उद्योग चालतो, असं त्यानं मी आल्या आल्याच सांगून टाकलं होतं, बहुधा माझा चेहरा बघून.

"गोड राहूनच नाही राहिली, बाबा," तो म्हणाला. "साधी बिअर मस्त जमते. फळ टाकलं की दोन दिवस अजून मस्त लागते. मग ते यीस्ट फळातली सगळी साखर खाऊन टाकते आन् मागं उरते ते हे असं. अननस झाला, संत्रं झालं. सगळ्याचं हेच."

यातलं बाकीचं मी फारसं ऐकलं नाही. मला एवढंच ऐकू आलं, की फळाची गोडी टिकवणं हे एक काम या घरात आहे, जे जावयाला येत नाही आणि मला येतं. मी ग्लास खाली ठेवला आणि म्हणालो, "आंबा आण. पुढचं माझ्यावर सोड."

त्या वाक्यासाठी मी किती आसुसलेलो होतो हे कळायला थोडं मागचं सांगायला हवं. सुलभाचं, माझ्या बायकोचं, वर्षश्राद्ध आटोपलं आणि आमची लेक रश्मी मला पर्थला घेऊन आली. व्हिसा वर्षाचा होता, तिकीट तीन महिन्यांचं. तीन महिन्यांचं काढ असं मीच बजावलं होतं. म्हटलं, आंब्याच्या हंगामाला मी तिकडे हवा. निवृत्त होऊन सहा वर्षं झालेल्या माणसाचं हंगामात काय काम, हे रश्मीनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

खरं सांगायचं तर मला परत जायचंच नव्हतं. रत्नागिरीच्या घरात संध्याकाळी दोघांचा चहा टाकायची हाताला सवय होती, ती काही सुटेना, आणि तो दुसरा कप मोरीत ओतताना मला फार एकटं वाटायचं. पण 'मला इथंच ठेवून घ्या' असं लेकीला कुठल्या तोंडानं सांगायचं? आम्हा शेट्यांच्या घरात कुणी कुणाकडे काही मागत नाही. फार तर वाट बघतात. मीही वाट बघत होतो, की कुणीतरी, शक्यतो जावयानं, 'राहा' म्हणावं. आता जावई सासऱ्याला 'राहा' कशाला म्हणेल? तर त्याचा काही उपयोग असेल तर. असा माझा साधासरळ व्यवहारी हिशोब होता, आणि त्या हिशोबानं मी आल्यापासून घरात उपयोगी पडायचा सपाटा लावला होता.

स्वयंपाकघरातला नळ थेंब थेंब गळत होता, तो मी दुरुस्त केला. त्यानंतर प्लंबर बोलवावा लागला. भांडी घासायच्या यंत्रात मी रश्मीची लोखंडी कढई घातली, ती बाहेर आली तेव्हा तांबूस झाली होती. मग मी घरातून बाहेर पडलो आणि पुढच्या हिरवळीकडे लक्ष दिलं. रोज सकाळी पाइप घेऊन मनापासून पाणी घालायचो. हिरवळ अशी टवटवीत राहिली, की मला माझंच कौतुक वाटायचं. एक दिवस शेजारच्या बाईंनी कुंपणावरून अदबीनं विचारलं, की तुम्ही प्लॅस्टिकच्या गवताला पाणी का घालता. रश्मी एवढंच म्हणाली, "राहू दे बाबा, धूळ तरी जाते." मला वाटतं, तिनं ते गवताबद्दल नाही, माझ्याबद्दल म्हटलं असावं.

तेव्हा आंब्याची बिअर ही माझी शेवटची संधी होती. हर्षलच्या दृष्टीनंही ती साधी गोष्ट नव्हती. तो खाणीत इंजिनीअर. दोन आठवडे आत वाळवंटात सोन्याच्या खाणीवर, एक आठवडा घरी, असा त्याचा फेरा. त्याच्या शिफ्टची आठ-दहा माणसं मार्चच्या सुरुवातीला एका रविवारी घरी जेवायला यायची होती. त्यांचा मुकादम म्हणा, साहेब म्हणा, डग नावाचा एक धिप्पाड गृहस्थ होता. त्यानं आदल्या वर्षी हर्षलची अननसाची बिअर एक घोट पिऊन, हिनं पाने-पकडींचा गंज छान निघेल असा अभिप्राय दिला होता. खाणीवर मग वर्षभर हर्षलला त्यावरून सगळे छळत होते. या वेळी गोड आंब्याची पाजतो, असं त्यानं सगळ्यांदेखत सांगून ठेवलं होतं.

गोडी टिकवायची कशी यावर आमची त्या संध्याकाळी चर्चा झाली. हर्षलनं यावर बरंच वाचलं होतं. दुधातली साखर घातली तर ती यीस्टला पचत नाही, म्हणून गोडी राहते, असं तो म्हणाला. मी म्हटलं, मग तो मिल्कशेक झाला. जास्तीची साखर घालावी का, असं त्यानं विचारलं. मी त्याला समजावलं, की साखरेनं यीस्ट मारायचं तर ती मुरांब्याएवढी घालावी लागते, आणि मग ती बिअर पोळीला लावून खावी लागेल. बाटल्या गरम पाण्यात ठेवून यीस्ट मारायचाही एक मार्ग होता, पण भरलेल्या बाटल्या तापवायच्या म्हणजे सुतळी बॉम्ब उकळण्यासारखं आहे, असं हर्षलचं मत पडलं.

"कारखान्यात आम्ही काय करायचो हे मला माहीत आहे," मी म्हणालो. "तू निवांत खाणीवर जा."

"पण टाकणार काय तुम्ही?"

"ते कारखान्याचं गुपित आहे."

गुपित कसलं? स्क्वॅशच्या कुठल्याही बाटलीवर बारीक अक्षरात छापलेलं असतं. पण गुपित म्हटल्यावर हर्षल माझ्याकडे जरा निराळ्या नजरेनं बघायला लागला, आणि मला ते आवडलं.

आंब्याच्या रसाचे डबे आणायला आम्ही एका गुजराती माणसाच्या दुकानात गेलो. मी फळीवरचा एकेक डबा उतरवून झाकणावर टिचकी मारायला सुरुवात केली. निकोप डब्याचं झाकण खणखणीत वाजतं. हवा शिरली असेल किंवा आत गॅस धरला असेल तर आवाज बद्द येतो. दुकानदार गल्ल्यावरून मान वाकडी करून बघत होता. अख्खी फळी वाजवून मी त्यातले सहा पसंत केले तेव्हा तो हर्षलला म्हणाला, की काका गाण्यातले आहेत का. हर्षलनं नाही म्हटलं, पण घरी येईपर्यंत गाडीत तो एकटाच हसत होता.

दुसऱ्या दिवशी तो खाणीवर जायला निघाला. निघताना त्यानं तयार साध्या बिअरच्या पिंपात रस ओतला आणि मला नीट सांगितलं, की दोन-तीन दिवसांनी गोडी मनासारखी वाटली की तुमचं जे काय गुपित आहे ते करा, मग बाटल्या भरा आणि प्रत्येक बाटलीत एक चमचा साखर घाला. मी मान डोलावली. मनात म्हटलं, पोराला गोडीची किती धास्ती आहे.

मग मी रश्मीला घेऊन बिअरचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो. गल्ल्यावर हातभर गोंदवलेली एक मुलगी होती. मी तिच्याकडे दोन पुड्या मागितल्या, एक गंधकाच्या जातीची आणि एक यीस्टला पुन्हा डोकं वर काढू न देणारी. नावं मला तोंडपाठ. तिनं पुड्या दिल्या आणि म्हणाली, हे घालायला हरकत नाही, पण एक गोष्ट लक्षात ठेवा. मी तिला तिथंच हात दाखवून थांबवलं. म्हटलं, बाई गं, तुझ्या जन्माच्या आधीपासून मी हेच करतो आहे. आणि मग फळ टिकवण्याच्या शास्त्राबद्दल मी तिला माझ्या इंग्रजीत पंधरा-वीस मिनिटं माहिती दिली. माझ्यामागे चार गिऱ्हाईकं उभी राहिली. मुलगी बिचारी शेवटपर्यंत ऐकत होती, आणि तिची ती एक गोष्ट तिच्याकडेच राहिली.

दोन दिवसांनी पिंपातली चव अशी लागली, की मी डोळे न मिटताच मान्य केली. आंबा पुढे, मागे किंचित कडसर, आणि गोडी अगदी बेताची. हीच वेळ. मी दोन्ही पुड्या मोजून घातल्या. कारखान्याच्या प्रमाणाच्या दुप्पट घातल्या, कारण डगच्या नावानं मला कसलाही धोका पत्करायचा नव्हता. संध्याकाळपर्यंत पिंपाच्या झाकणातून येणारे बुडबुडे बंद पडले. मी खुर्ची टाकून समोर बसलो होतो. शेवटचा बुडबुडा आला आणि मग काही आलंच नाही, तेव्हा मला फार समाधान वाटलं.

बाटल्या मी आणि रश्मीनं भरल्या. जाड प्लॅस्टिकच्या, तपकिरी रंगाच्या, फिरकीच्या झाकणाच्या. ती नळी धरायची, मी साखर घालायचो. एका चमच्याच्या जागी मी दीड चमचा घातला. भरता भरता रश्मी म्हणाली, "बाबा, तिकिटाचं काय करायचं?"

दोन महिने ज्याची वाट बघितली तेच कदाचित येत होतं. पण विचारलं रश्मीनं, आणि तेही असं, खाली मान घालून, जणू गॅसचा नंबर लावायचा आहे. मी म्हटलं, "काय करायचं म्हणजे? जायचं. हंगाम तोंडावर आला."

पुढच्या दोन बाटल्या तिनं काठोकाठ भरल्या आणि फरशीवर सांडलं. मला वाटलं, दमली असेल. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की आता रविवारपर्यंत थांबायचं. बिअर जमली, दहा माणसांनी वाहवा केली, की हर्षल आपणहून म्हणेल. लेकीच्या भिडेनं राहण्यात काय अर्थ होता? जावयानं गरज म्हणून ठेवून घेतलं तर त्यात मान होता.

पुढचे दिवस मी त्या बाटल्यांची राखण केली. सकाळी चहा झाला की गॅरेजमध्ये जायचं आणि एकेक बाटली मुठीत धरून दाबून बघायची. सगळ्या मऊ. दाबली की आत जायची, सोडली की बाहेर यायची.

कॅनिंगच्या माणसाला यातलं सुख काय ते सांगून कळायचं नाही. आमच्या धंद्यात फुगलेला डबा म्हणजे नाक कापलं गेलं. आत काहीतरी जिवंत राहिलं, त्यानं गॅस केला, डबा फुगला. मी नवा होतो तेव्हा आखातात पाठवलेला माल फुगून परत आला होता. मालकांनी मला त्या डब्यांच्या रांगेसमोर नेऊन उभं केलं आणि स्वतः निघून गेले. पुढं कित्येक वर्षं मला फुगलेल्या डब्यांची स्वप्नं पडायची. सुलभा उठवायची आणि म्हणायची, "अहो, सगळे सपाट आहेत, झोपा." तेव्हा रोज सकाळी त्या मऊ बाटल्या दाबताना मला किती बरं वाटत असेल बघा. एकदा तर मी मोठ्यानं म्हणालो, सगळ्या सपाट आहेत गं.

हर्षल खाणीवरून फोन करायचा. बाटल्या बऱ्या आहेत ना, असं विचारायचा. मी सांगायचो, अगदी उत्तम, रोज हातानं बघतो. तो म्हणायचा, रोज हात नका लावू बाबा, उन्हाळा आहे, एखादी फुटायची आणि तुम्हाला लागायचं. यावर मी हसायचो. माझ्या हातचं कधी काही फुटत नाही, असं मी त्याला दोनदा तरी सांगितलं.

त्याचं शनिवारचं विमान वाऱ्यामुळे रद्द झालं. रविवारी तो घरी पोचला तेव्हा पाहुणे यायला तास-दीड तास होता. अंघोळ करून तो मागच्या अंगणात शेगडीच्या मागे लागला. बाटल्या रश्मीनं आधीच फ्रिजमध्ये लावल्या होत्या. मी इस्त्रीचा शर्ट घातला.

माणसं आली. दारात मावणार नाहीत अशी. मी त्यांना आणि त्यांच्या बायकांना नमस्कार केला, आणि डग मला अंगणातल्या सगळ्यात चांगल्या खुर्चीवर बसवून स्वतः एका पिंपावर बसला. वाटलं होतं त्यापेक्षा मऊ बोलणारा माणूस निघाला. पहिली बाटली अर्थातच त्याच्या हातात दिली गेली. हर्षल चिमटा हातात धरून उभा राहिला.

डगनं झाकण फिरवलं. झाकण निघालं. मला वाटलं, किती सहज निघालं. त्यानं मात्र बाटली कानाजवळ नेली आणि झाकणाकडे पुन्हा बघितलं. मग ग्लासात ओतली. रंग असा सुरेख आला होता, की माझी छाती फुगली. ग्लासात ती अगदी स्वस्थ उभी राहिली. ना फेस, ना बुडबुडा. कारखान्यात ज्या रसाला आम्ही पहिला नंबर दिला असता तसा तो रस होता.

डगनं मोठा घोट घेतला, गिळला, थोडा विचार केला आणि म्हणाला, "गोड आहे."

मी खुर्चीवरून उठलो. त्याला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी इंग्रजीत सांगितलं, की हो, गोड आहे, ती गोडी मी राखली, अडतीस वर्षांचा अनुभव आहे. सगळ्यांनी सभ्यपणे माना डोलावल्या. तोवर हर्षलनं दुसरी बाटली उघडली होती, मग तिसरी. चौथी त्यानं उघडली नाही, नुसती मुठीत दाबली. मग त्यानं माझ्याकडे बघितलं.

"बाबा, बाटल्या कडक नाही झाल्या?"

"कडक? छे. एकही बाटली फुगली नाही," मी म्हणालो.

"तुम्ही टाकलं काय होतं?"

मी दोन्ही पुड्यांची नावं सांगितली. दुप्पट घातल्या हेही सांगितलं. साखर किती घातली असं त्यानं विचारलं, तेव्हा म्हटलं, तू एक चमचा म्हणाला होतास, मी दीड घातला.

हर्षलनं चिमटा शेगडीच्या कडेला ठेवला आणि हळू आवाजात, मराठीत, मला समजावून सांगितलं. तो चमचा गोडीसाठी नव्हताच. तो यीस्टसाठी होता. बंद बाटलीत यीस्ट ती साखर खातं, तिचा गॅस होतो, बाटली दगडासारखी कडक होते, आणि उघडली की फसफसते. ती फसफस म्हणजेच बिअर. "तुम्ही यीस्टच मारून टाकलं त गॅस करणार कोण?" तो म्हणाला. गोडी आणि गॅस दोन्ही हवं असेल तर यीस्ट मारून मग सिलिंडरनं गॅस भरावा लागतो. ते यंत्र आपल्याकडे नाही. त्याला माझ्याकडून गुपित हवं होतं ते मारण्याचं नव्हतं, दोन्ही राखण्याचं होतं.

मला त्या गोंदवलेल्या मुलीची, मी ऐकून न घेतलेली, ती एक गोष्ट आठवली. उभं राहावं की बसावं हे मला कळेना.

काय झालं म्हणून डगनं विचारलं आणि हर्षलनं त्याला सगळं इंग्रजीत सांगितलं. सांगता सांगता त्याला हसू आलं. मग डग हसला, आणि तो हसल्यावर ती सगळी दांडगी माणसं हसली. त्यांच्यात दुष्टावा नव्हता. एकानं ती बिअर आइस्क्रीमवर ओतून घेतली आणि फार छान लागते म्हणाला. कुणाच्या तरी बायकोनं तिच्यात सोडा घालून दोन ग्लास संपवले. डगनं माझ्या पाठीवर थाप मारून सांगितलं, की इतकी शांत बिअर त्यानं आयुष्यात प्यायली नाही. पण मला त्या वेळी फक्त हसणं ऐकू येत होतं, आणि त्यात जावई हसत होता हे ऐकू येत होतं. दुकानातल्या बिअरचे खोके उघडले गेले तेव्हा मी गोळी घ्यायची आहे असं सांगून आत निघून आलो.

पाहुणे ऊन उतरल्यावर गेले. मी तोवर खोलीत बॅग भरत होतो. जायला अजून तीन आठवडे होते, पण हाताला काहीतरी काम हवं होतं. दारावर टकटक झाली आणि हर्षल आत आला. अंगाला धुराचा वास, कपाळाला कोळसा.

"हे काय करून राहिले?"

"तिकीट अलीकडचं मिळतं का बघ," मी म्हणालो. "उगाच कशाला इथे."

तो पलंगाच्या कडेवर टेकला. मग म्हणाला, की रश्मी महिनाभर त्याच्या मागे लागली आहे, बाबांना थांबा म्हण, तुझं ऐकतील. "मी म्हटलं, त्यांना हंगामाला जायचं आहे, मोठ्या माणसाला अडवायचं कसं? रोज तेच म्हणून राहिले ना तुम्ही."

"हंगामात माझं काही काम नसतं, हर्षल," मी म्हणालो. हे वाक्य तोंडातून गेलं आणि मला हलकं वाटलं आणि लाजही वाटली. "कारखान्याच्या फाटकावर आता मला कुणी ओळखतही नाही. तिकडे काही नाही. पण इथं तरी माझा काय उपयोग आहे? काही कामाचा असतो, तर गोष्ट वेगळी."

"कामाचे त तुम्ही बिलकुलच नाही," हर्षल म्हणाला. "नळ बिघडवला. कढई घालवली. प्लॅस्टिकच्या गवताला पाणी घातलं. पिंपभर बिअर मारून टाकली. काहून कामाचे असाल? कामासाठी ठेवायचं असतं त मी एखादा माणूस नसता ठेवला?"

मी बॅगेच्या कडीशी चाळा करत राहिलो.

"माझे बाबा मी बारावीत असताना गेले," तो म्हणाला. "घरात कोणी खोड काढणारं नाही राहिलं. तुम्ही त्या संत्र्याला नावं ठेवली ना, मले लय बरं वाटलं. राहा ना जी."

मला रडू आलं. सुलभा गेल्यावर लोक जमले होते, त्यांच्यासमोर आलं नव्हतं, ते इथं आलं, बिअर फसलेल्या दिवशी, जावयासमोर, इस्त्रीच्या शर्टात. हर्षल गडबडला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, मग काढला, मग रश्मीला पाठवतो असं म्हणून निघून गेला.

डोळे पुसून मी बॅगेतले कपडे बाहेर काढले. त्या खोलीत भिंतीला लागून एक मोठं कपाट होतं. मी आलो त्याच दिवशी रश्मीनं ते माझ्यासाठी रिकामं करून दिलं होतं, आत कागद अंथरला होता, हँगर टांगले होते. दोन महिने मी त्यात एक हातरुमालही ठेवला नव्हता. पाहुण्यानं बॅगेत राहावं, असं मला वाटायचं. ते उघडून मी सदरे टांगायला लागलो तेव्हा वरच्या कप्प्यात मागच्या बाजूला मला एक लोकरीची गुंडाळी दिसली. ती इकडच्या जूनमधल्या थंडीची रजाई होती, नवी, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत, दुकानाच्या डिसेंबरमधल्या पावतीसकट. मी मार्चअखेर जाणार होतो आणि रश्मीनं ती डिसेंबरातच आणून ठेवली होती.

मी पिशवी फोडली आणि ती पलंगावर पसरली. बाहेर अजून उकडत होतं.